शोकांतिकेतल्या विदूषकाची बाजू

शोकांतिका हसतखेळत सादर केली की तिचा अपमान होतो, असे आपण जवळजवळ गृहीतच धरतो. रंगभूमीचा इतिहास मात्र उलटी साक्ष देतो. 1681 साली नेहम टेटने 'किंग लिअर'ची डागडुजी केली. त्यात राजाला टोमणे मारणारा विदूषक गेला आणि शोकान्तही गेला. टेटची कॉर्डेलिया मरत नाही, एडगरची वाग्दत्त वधू होते. लिअरला राज्य परत मिळते. हीच आवृत्ती इंग्लंडात सुमारे दीडशे वर्षे चालली. एडमंड कीनने 1823 मध्ये शोकान्त परत आणला, पण विदूषकाला परत यायला 1838 उजाडले. मॅक्रेडीने ती भूमिका प्रिसिला हॉर्टन या तरुण नटीला दिली. 'हॅम्लेट'चेही तेच झाले. कबर खणणाऱ्यांची थट्टामस्करी व्होल्तेअरला रानटी वाटली, आणि डेव्हिड गॅरिकने 1772 मध्ये तो प्रवेशच कापला. नाटकाची प्रतिष्ठा राखायला निघालेल्या या मंडळींनी नाटकच निम्मे केले.

कारण ही थट्टा वरून भुरभुरलेली नाही. वादळात लिअरला त्याचा मूर्खपणा तोंडावर सुनावण्याची मुभा एकट्या विदूषकाला आहे. तो नसेल तर राजा नुसता आक्रोश करत राहतो. कबरीच्या प्रवेशात याहून चतुर योजना आहे. खणणारा कोट्या करतो, हॅम्लेट त्याच्याशी शब्दांचा खेळ खेळतो, आणि खड्डा कोणासाठी आहे हे हॅम्लेटला ठाऊक नसते. प्रेक्षकाला मात्र ऑफेलिया बुडाल्याचे आधीच कळलेले असते. त्यामुळे प्रत्येक हशा घशात अडकतो. हॅम्लेटच्या हातातली ती जगप्रसिद्ध कवटीही एका विदूषकाचीच, हे विसरून कसे चालेल?

रजत कपूर यांनी 2008 मध्ये रंगभूमीवर आणलेले 'हॅम्लेट, द क्लाउन प्रिन्स' याच धाग्याला धरून आहे. विदूषकांची एक टोळी 'हॅम्लेट' करायला निघते. अर्धी भाषा इंग्रजी, अर्धी निरर्थक बडबड. अतुल कुमार यांचा सोसो हा विदूषक हॅम्लेट होतो. ज्यांना शब्दच नीट सापडत नाहीत त्यांच्या तोंडी सूडाचा घोळ अधिकच केविलवाणा होतो. रिड्यूस्ड शेक्सपिअर कंपनी तर 97 मिनिटांत 37 नाटकांचा फडशा पाडते आणि शेवटी 'हॅम्लेट' उलटेसुद्धा करून दाखवते. त्या धिंगाण्यातही माणसाच्या थोरवीबद्दलचे आणि वैफल्याबद्दलचे हॅम्लेटचे भाषण एक नट साधेपणाने, थट्टा न करता म्हणतो. विनोद कुठे थांबवायचा हे ठाऊक असल्याची ती खूण.

मूळ नाटक न वाचलेल्याला यातून फक्त चेष्टा मिळेल, हा आक्षेप पोकळ नाही. विडंबनाला ओळखीचा आधार लागतोच. पण आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत आणून शतक उलटले, 'नटसम्राट'मधून लिअरची व्यथा आपल्या घराघरांत पोहोचली. मराठी प्रेक्षक इतका कोरा नाही. दुसरा आक्षेप सवंग प्रयोगांचा. तसे प्रयोग आहेतच, आणि मिशा सुटून पडण्यावर किंवा चालू राजकारणाच्या शेऱ्यांवर हशे वसूल करणाऱ्यांची वकिली मी करणार नाही. मात्र गंभीर चेहऱ्याने केलेले कंटाळवाणे 'हॅम्लेट'ही काही कमी झालेले नाहीत, आणि त्यांना कोणी अपमान म्हणत नाही. तेव्हा असा प्रयोग पाहायला जाल तेव्हा किती हसलात ते मोजू नका. ऑफेलियाची वार्ता येते त्या क्षणी सभागृह गप्प होते का, तेवढे पाहा, आणि होत नसेल तर खुशाल उठून या.