स्टेअरिंगची तेलनळी

ट्रॅक्टर आता गावाला नवा राहिलेला नाही. नांगरट, पेरणी, उसाची ट्रॉली, मुरमाची खेप, सारे त्यावरच चालते. जुन्या ट्रॅक्टरवर बसणाऱ्याचे खांदे संध्याकाळी भरून यायचे. ढेकळांतून पुढची चाके वळवायची म्हणजे ताकदीचे काम. पुष्कळ नव्या ट्रॅक्टरांत तसे नाही. दोन बोटांनी स्टेअरिंग फिरवले तरी चाक वळते. याला पॉवर स्टेअरिंग म्हणतात.

मग ही ताकद येते कोठून? ती येते तेलातून. हे तेल रबरी नळ्यांतून फिरते. मिस्त्री लोक या नळीला होस पाइप म्हणतात. नळी दिसायला साधी असते. पण ती चुकीची बसली तर गाडी हाताबाहेर जाते. माणसाचा हातसुद्धा जाऊ शकतो. म्हणून आज आपण या नळीची माहिती घेऊ.

तेलात जोर कसा येतो?

फ्रान्स देशात पास्कल नावाचा एक विद्वान होऊन गेला (१६२३ ते १६६२). त्याने दाखविले की, कोंडलेल्या पाण्यावर किंवा तेलावर एका जागी दाब दिला, तर तो दाब सगळीकडे सारखा पोचतो. ट्रक उचलणारा तेलाचा जॅक याच नियमाने चालतो.

अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनियराने १९२६ साली तेलाच्या जोरावर वळणारे स्टेअरिंग मोटारीत चालवून दाखविले. १९५१ साली क्रायस्लर कंपनीने ते विक्रीच्या मोटारीत घातले. पुढे ते ट्रॅक्टरातही आले.

इंजिन चालू झाले की एक पंप फिरतो. तो टाकीतले तेल ओढतो आणि जोराने पुढे ढकलतो. हे तेल स्टेअरिंगच्या खाली असलेल्या व्हॉल्व्हपाशी येते. आपण स्टेअरिंग डावीकडे फिरवले की व्हॉल्व्ह एका नळीत तेल सोडतो. उजवीकडे फिरवले की दुसऱ्या नळीत सोडतो. पुढच्या चाकांपाशी एक सिलिंडर असतो. त्यातला दांडा तेलाने सरकतो आणि चाके वळतात. काम झालेले तेल परतीच्या नळीने टाकीत येते.

आता थोडा हिशेब करू. मोटारीच्या चाकात आपण सुमारे ३० पौंड हवा भरतो. म्हणजे दर चौरस इंचावर ३० पौंड दाब. या नळीत तो दाब हजार पौंडांवरही जातो. सिलिंडरच्या दट्ट्याचे तोंड २ चौरस इंच धरा. हजार पौंड दाबाने त्यावर २ हजार पौंड जोर बसतो. म्हणजे सुमारे ९ क्विंटल!

सगळ्या नळ्या सारख्या नसतात

दाबाच्या नळीला आतून रबर, मध्ये पोलादी तारांची वीण आणि वरून पुन्हा रबर असते. परतीची नळी साधी असते. तिला कमी दाब सोसावा लागतो. परतीची नळी दाबाच्या जागी लावली तर ती फुटलीच म्हणून समजा. नवी नळी घेताना जुनी बरोबर न्या. लांबी, जाडी, आटे आणि नळीवर छापलेला दाब, चारही गोष्टी जुळवून घ्या. पाण्याची नळी कापून काम भागवू नका.

नळी अशी बसवा

१. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. ब्रेक लावा. मागचे अवजार जमिनीवर टेकवा. इंजिन बंद करून चावी काढून घ्या. मग स्टेअरिंग दोन-चार वेळा डावी-उजवीकडे फिरवा. त्याने आतला दाब उतरतो. तेल निवू द्या.

२. नळी सोडण्याआधी तिला खुणेचा दोरा बांधा. डावीची नळी उजवीला लागली तर स्टेअरिंग उलटे चालते. डावीकडे फिरवले की गाडी उजवीकडे जाते.

३. सांध्याभोवतीची माती आधी पुसा. नळी सोडली की उघड्या तोंडांना स्वच्छ टोपी लावा. चिंधीचा बोळा कोंबू नका. त्याचे सूत आत जाते. मातीचा कण आत गेला तर पंप आणि व्हॉल्व्ह झिजतात.

४. नळीवर लांबीच्या दिशेने छापलेली ओळ असते. ती सरळ राहिली पाहिजे. ओळ फिरली म्हणजे नळीला पीळ बसला. पीळ बसलेली नळी लवकर फुटते. नळी ताणून बसवू नका, थोडी सैल ठेवा. तोंडापाशी लगेच वाकवू नका. सायलेन्सरपासून दूर ठेवा. पत्र्याला घासत असेल तर क्लिपने बांधा.

५. नट आधी हाताने फिरवा. आटे नीट धरले की मगच पाना लावा. दोन पाने वापरा. एकाने नळीचे तोंड धरा, दुसऱ्याने नट आवळा. म्हणजे पीळ बसत नाही. ओ-रिंग असेल तर नवी घाला आणि तिला तेल लावा. अशा सांध्यांना नळाच्या कामातले सूत किंवा टेप गुंडाळू नका. येथे तेल आट्यांनी अडत नाही, सांध्याच्या तोंडाने किंवा ओ-रिंगने अडते. टेपचे तुकडे मात्र आत जाऊन अडकतात.

६. ट्रॅक्टरच्या पुस्तकात सांगितलेलेच तेल भरा. इंजिन हळू चालवा. स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. टोकाला दाबून धरू नका, तेल तापते. टाकीत फेस दिसला तर अजून हवा आहे असे समजा. फेस जाईपर्यंत फिरवा. तेल कमी झाले तर पुन्हा भरा. चाके दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. नळी कोठे ताणते का, घासते का, ते बघा.

हात लावून गळती शोधू नका

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नळीला सुईएवढे छिद्र पडले तर तेलाची धार डोळ्यांना दिसत नाही. पण ती कातडी भेदून आत शिरते. प्रथम फक्त काटा टोचल्यासारखे वाटते. रक्तही फारसे येत नाही. गडी म्हणतो, "काय नाही, जरा टोचलं." काही तासांत बोट सुजते, ठणकू लागते. आतले मांस मरते. उशीर झाला तर बोट किंवा हात कापण्याची पाळी येते.

असे झाले तर दुखो वा न दुखो, लगेच मोठ्या दवाखान्यात जा. हळद, लेप, शेक करीत बसू नका. जखम पिळू नका. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "दाबाचे तेल कातडीत शिरले आहे." तेलाचा डबाही बरोबर न्या. आतले तेल बहुधा शस्त्रक्रिया करूनच काढावे लागते.

गळती शोधायची तर लांब पुठ्ठा घ्या. तो नळीजवळून फिरवा. डोळ्यांवर चष्मा ठेवा. पुठ्ठ्यावर तेल उमटले की गळती सापडली. मग इंजिन बंद करा, दाब उतरवा आणि नंतरच पाना लावा. इंजिन चालू असताना नट आवळू नका.

पुष्कळ ट्रॅक्टरांत स्टेअरिंग आणि चाके यांना जोडणारा लोखंडी दांडा नसतो. सारे तेलावर असते. उसाची भरलेली ट्रॉली उतारावर असताना नळी फुटली तर चाके ऐकत नाहीत. म्हणून हंगाम सुरू होण्याआधी सगळ्या नळ्या बघा. रबर फुगले, तडकले, आतली तार दिसू लागली, तेलाने ओले झाले, तर नळी बदला. नवीन नळीला पैसे पडतात खरे. पण हात बाजारात मिळत नाही.

उद्या तुमचा मुलगा विचारील, "बाबा, तेल कुठनं गळतंय? हात लावून बघू का?"

तुम्ही म्हणा, "हात नको लावूस, बाळा. आधी इंजिन बंद कर आणि पुठ्ठा आण."