सेकंडहँड हायब्रीड : किती देते आणि कुणाला देते?

टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर आणि मारुती सुझुकीची ग्रँड विटारा या जुळ्या एसयूव्ही 2022 च्या सणासुदीत बाजारात आल्या. पहिल्या खेपेच्या मालकांनी त्या विकायला काढल्या आहेत आणि ‘हायब्रीड आहे, पेट्रोल लागतच नाही’ या एका वाक्यावर सौदे होत आहेत. हे वाक्य निम्मेच खरे आहे. कुणासाठी खरे, हे गाडी रोज कुठल्या रस्त्यावर धावणार यावर ठरते.

पण त्याआधी गाडी खरोखर हायब्रीड आहे का ते पाहावे. या दोन्ही गाड्यांच्या पेट्रोल मॉडेललाही छोटी बॅटरी असते. ती इंजिनाला जरासा हातभार लावते, पण एकटी चाके फिरवू शकत नाही. हे ‘माइल्ड हायब्रीड’. खरी बचत ‘स्ट्राँग हायब्रीड’मध्ये होते, कारण तिथे स्वतंत्र मोटर गाडी ओढते. विकणारा दोन्हींना सरसकट हायब्रीडच म्हणतो. आरसीवरचा सीसीचा आकडा मात्र फसवत नाही: माइल्डचे चार सिलिंडरचे इंजिन 1462 सीसीचे, स्ट्राँगचे तीन सिलिंडरचे 1490 सीसीचे. शिवाय स्ट्राँग हायब्रीडला क्लच नसतो आणि डॅशबोर्डवर आरपीएमच्या काट्याऐवजी चार्ज, इको, पॉवर दाखवणारा मीटर असतो.

अशी गाडी पहिल्यांदा चालवणारा सुरुवातीलाच गोंधळतो. बटण दाबले तरी बहुधा आवाज होत नाही, नुसता ‘रेडी’चा दिवा लागतो. गाडी सुरू झालीच नाही असे समजून माणूस पुन्हा बटण दाबतो आणि ती बंद करतो. सिग्नलवरून निघताना आणि ट्रॅफिकमध्ये सरकताना बरेचदा मोटरच काम करते, इंजिन गरजेपुरते जागे होते. ब्रेक दाबला की तीच मोटर उलट जनित्र होऊन बॅटरी भरते. त्यामुळे ब्रेक पॅड झिजतात कमी. गाडी बाहेरून चार्ज करावी लागत नाही आणि करताही येत नाही.

कागदोपत्री अ‍ॅव्हरेज लिटरला 27.97 किलोमीटर. प्रत्यक्षात हिंजवडी किंवा घोडबंदर रोडच्या गर्दीत मालकांना वीस-बावीस, हलक्या पायाने चालवली तर त्याहून थोडे जास्त मिळते. द्रुतगती मार्गावर शंभरच्या वेगाने मात्र आकडा सतरा-अठरापर्यंत उतरतो, कारण तिथे ब्रेकच लागत नाही आणि परत मिळवायची ऊर्जाही नसते. एरवी गाड्यांना महामार्ग मानवतो. हिला गर्दी मानवते.

घाटात दुसराच अनुभव येतो. बॅटरी अवघी 0.76 किलोवॅट-तासाची. खंडाळ्याच्या चढाला ती लवकर उतरते, मग सगळा भार इंजिनावर पडतो आणि तीन सिलिंडरची घरघर केबिनमध्ये शिरते. उतारावर उलटे होते. बॅटरी काही मिनिटांत काठोकाठ भरते, आणखी वीज साठवायला जागा उरत नाही आणि गाडी रोखून धरण्यासाठी यंत्रणा इंजिन जोरात फिरवते. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाही तरी इंजिन ओरडते आहे, म्हणून नवा मालक घाबरून सर्व्हिस सेंटर गाठतो. तो बिघाड नव्हे. अशा उतारासाठी गिअरमध्ये ‘बी’ दिलेला असतो, तो वापरावा.

कुटुंबाची खरी कुरकुर डिकीबद्दल. बॅटरी डिकीच्या तळाशी असल्याने दोन मोठ्या बॅगा ठेवल्या की जागा संपते. चौघांचे कुटुंब गणपतीला कोकणात निघाले की उरलेले सामान मांडीवर येते. घेण्याआधी आपल्याच बॅगा आत ठेवून पाहाव्यात.

बॅटरी बदलायची वेळ आली तर, ही भीती सगळ्यांनाच असते. टोयोटाचे हायब्रीड तंत्र 1997 च्या प्रियसपासून रस्त्यावर आहे आणि बॅटरी सहसा बरीच वर्षे टिकते, पण तिला गारवा लागतो. थंड हवा आत घेणारी जाळी केस, धूळ किंवा वर टाकलेल्या पिशव्यांनी बुजली की बॅटरी तापते. ही जाळी कुठे आहे ते दाखवून घ्यावे आणि ती साफ केली आहे का हे पाहावे. साधी 12 व्होल्टची बॅटरीही असतेच. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ती उतरते आणि मोठी बॅटरी भरलेली असूनही ‘रेडी’ लागत नाही. हा किरकोळ दोष आहे. पुराचे पाणी मात्र किरकोळ नाही. जुलै 2024 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले होते. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊनपुसून विकायला येऊ शकते. डिकीचा गालिचा उचलून चिखलाचे डाग, गंज आणि वास तपासावा, विम्याच्या क्लेमचा इतिहास मागावा. नारिंगी वायरींना मात्र हात लावू नये, त्यांत उच्च दाबाची वीज असते.

आता हिशेब. महिन्याला 1000 किलोमीटर, पेट्रोल लिटरला 104 रुपये, माइल्डचे अ‍ॅव्हरेज 14 आणि स्ट्राँगचे 21 धरले तर महिन्याला सुमारे 24 लिटर, म्हणजे अडीच हजारांच्या आसपास वाचतात. त्याच सालच्या माइल्डपेक्षा स्ट्राँग दोन लाखांनी महाग पडत असेल तर पैसे वसूल व्हायला पावणेसात वर्षे लागतात. रोजचा प्रवास निम्मा असेल तर तेरा वर्षांहून जास्त. फरक लाखाच्या आत आणि रोजचा रस्ता गर्दीचा असेल तरच सौदा फायद्याचा. हायब्रीड बॅटरीची वॉरंटी 8 वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तेवढी असते आणि ती पहिल्या मालकाने गाडी घेतल्या दिवसापासून मोजली जाते. ती आपल्या नावावर पुढे चालू राहील ना, हे टोकन देण्याआधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्यावे.