टाके न घातलेली जखम

डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी, नाकाच्या मुळाजवळ, लहानसा खड्डा. शल्यचिकित्सकाने त्वचेच्या कर्करोगाची गाठ काढली आणि टाके न घालता, दुसरीकडची कातडीही न लावता, नुसती पट्टी बांधून रुग्णाला घरी पाठवले. घरच्यांना वाटते, काम अर्धवटच राहिले! पण अशा जागी पुष्कळदा हाच चांगला उपाय ठरतो.

हे लक्षात आले ते काहीसे अनपेक्षितपणे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक मोझ यांनी १९३० च्या दशकात एक पद्धत काढली. गाठीवर झिंक क्लोराइडचा लेप लावायचा, पातळ थर कापून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा आणि कर्करोगाच्या पेशी दिसेनाशा होईपर्यंत पुढचा थर काढत जायचा. लेपामुळे जखमेच्या तळाचा थर मृत होई, म्हणून लगेच टाके घालता येत नसत. जखमा उघड्याच ठेवाव्या लागत, आणि त्या छान भरून येत. पुढे लेप मागे पडला. हा धडा मात्र राहिला.

अशी जखम भरते कशी? रक्त गोठते, पांढऱ्या पेशी साफसफाई करतात. काही दिवसांत तळातून नव्या रक्तकेशिका आणि कोलॅजेन तयार करणाऱ्या पेशी वर येतात. हे लाल, रवाळ मांस पाहून लोक घाबरतात, पण ते जखम भरत असल्याचे लक्षण आहे. यातल्या काही पेशींत स्नायूंसारखे आकुंचन पावणारे तंतू तयार होतात व ते जखमेच्या कडा आत ओढतात. त्याच वेळी कडांवरून, आणि जखम उथळ असेल तर उरलेल्या केसांच्या मुळांतूनही, बाह्यत्वचेच्या पेशी सरकत येतात. कोरड्या खपलीवरून त्यांना सरकता येत नाही. खपलीखालून वाट काढावी लागते. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगांत दाखवले, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर कातडी सुमारे दुप्पट वेगाने येते. म्हणजे ‘हवा लागू दे, खपली धरू दे’ हा आपला घरगुती सल्ला उलटाच म्हणायचा! जखम रोज धुऊन व्हॅसलीन लावून झाकायची, ती यासाठी.

जागा कोणती, याला फार महत्त्व आहे. झिटेली या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी १९८३ मध्ये मांडले, की डोळ्याचा आतला कोपरा, नाकपुडीशेजारची घळ, कानाचा खोलगट भाग, कानशील अशा अंतर्गोल किंवा सपाट जागी वण सहसा उठून दिसत नाही. नाकाचा शेंडा, हनुवटी, गालाचा उंचवटा अशा बहिर्गोल जागी तो डोळ्यांत भरतो. पापणीच्या किंवा ओठाच्या कडेला तर मघाचे आकुंचनच घात करते: खालची पापणी ओढली जाऊन बाहेर वळते. तिथे टाके किंवा शेजारची कातडी फिरवून लावणेच बरे.

वेळ मात्र द्यावा लागतो. लहान जखमेलाही काही आठवडे लागतात, आणि वणाचा गुलाबीपणा कित्येक महिने टिकतो. खोल जखमेच्या वणावर केस पुन्हा येत नाहीत. म्हणून भुवईवरची जखम शक्यतो टाके घालूनच मिटवतात.