नाव जीपचं, काळीज ट्रॅक्टरचं

नागपूरहून अमरावती रोडवर वाडी सोडून आठव्या मैलाकडे निघालं की ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं सुरू होतात. अशाच एका गोदामाच्या मागच्या अंगाला मिस्त्रींचं गॅरेज होतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "महिंद्राची जीप घ्यायचीय. सीजे."

त्यांनी मान वर केली नाही. "नाव नको सांगू भाऊ. बॉनेट खोल, मंग मी सांगतो गाडी कोणती ते."

मला ते तेव्हा उर्मट वाटलं. माझ्या डोक्यात अमेरिकन मसल कारचं खूळ होतं. तिथं नावालाच किंमत असते, असा माझा समज. पण नावावर जायचं तर फोर्ड मस्टँगच घ्या. १७ एप्रिल १९६४ रोजी ती अमेरिकेत विक्रीला आली, मूळ किंमत २,३६८ डॉलर. त्या किमतीत मिळायचं ते १७० घनइंचाचं, म्हणजे जेमतेम २.८ लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन. ताकद १०१ हॉर्सपॉवर. त्याच धडात पहिल्याच वर्षी २८९ घनइंचाचं २७१ हॉर्सपॉवरचं व्ही-८ सुद्धा बसवून मिळत होतं. बाहेरून तोच घोडा, तेच दार. एक गाडी बाजारहाटाची आणि दुसरी शर्यतीची. पाँटिअॅकची जीटीओ तर १९६४ च्या मॉडेलांत वेगळी गाडी म्हणून आलीच नव्हती. टेम्पेस्ट ल मान्स या मॉडेलवर जादा पैसे भरून घ्यायचं ते एक पॅकेज होतं, ३८९ घनइंचाच्या व्ही-८ सकट. आपल्याकडे २०१६ मध्ये मस्टँग आली ती मात्र एकाच जीटी रूपात, ५ लिटरच्या व्ही-८ सह. निवडायला काही ठेवलंच नव्हतं.

त्या काळच्या अमेरिकन आकड्यांवरही डोळे झाकून विसंबू नये. इंजिन स्टँडवर ठेवून, एअर फिल्टर, सायलेन्सर वगैरे लोढणी काढून मोजलेली ती 'ग्रॉस' ताकद. १९७२ पासून तिथल्या कंपन्या गाडीत बसवलेल्या अवस्थेतली 'नेट' ताकद छापू लागल्या. कॉर्व्हेटच्या एलटी-१ इंजिनाला १९७१ मध्ये दोन्ही आकडे दिले गेले, ग्रॉस ३३० आणि नेट २७५. इंजिन एकच, फरक ५५ घोड्यांचा. जुन्या जीपच्या पत्रकातली ताकद वाचतानाही हा हिशेब मनात धरावा.

आता जीपकडे. १९४५ मध्ये सुरू झालेली महिंद्रा अँड मोहम्मद ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा झाली. दरम्यान तिनं ओहायोतल्या टोलीडोच्या विलीज कंपनीची जीप भारतात आणली होती, आणि ती मुंबईत माझगावला जोडली जाऊ लागली. आपण 'महिंद्रा जीप' म्हणून ओळखतो ती उंच नाकाची सीजे-३बी विलीजनं १९५३ मध्ये काढली. नाक उंच का, हे मला मिस्त्रींच्या बाकावर कळलं.

बाकावर एक 'हरिकेन' इंजिन उघडं पडलं होतं. युद्धातल्या जीपच्या 'गो-डेव्हिल' इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, बाजूला उभे असत. हरिकेनमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खालीच राहिला आणि इनटेक उचलून वर हेडमध्ये नेला. तिथं शेजार नसल्यानं तो मोठा करता आला. मिस्त्रींनी तो माझ्या तळहातावर ठेवला, कपबशीतल्या छोट्या बशीसारखा वाटला. खालचा एक्झॉस्ट त्याच्यापुढे पोरसवदा. क्षमता तीच, २,१९९ सीसी, पण ६० ची ताकद ७५ च्या आसपास गेली. हेडवर रॉकर आणि कार्बोरेटर चढल्यानं इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेट उचलावं लागलं. ज्या नाकाला आपण ऐट समजतो ते व्हॉल्व्हला जागा करून देण्यापायी आलेलं आहे. अमेरिकेनं ही गाडी १९६८ मध्ये बंद केली. आपल्याकडे ती पुढेही वर्षानुवर्षं बनत राहिली.

पण हरिकेन पेट्रोल पिणारं. सरकारी जीपला ते परवडलं, कारण टाकीचे पैसे सरकारचे. खासगी माणसाला डिझेल हवं होतं, आणि ते आलं शेतातून. १९६३ मध्ये महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली. तिचा पहिला ट्रॅक्टर बी-२७५. मूळ आराखडा हार्वेस्टरच्या इंग्लंडमधल्या शाखेचा. त्याच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा स्ट्रोक चार इंच, क्षमता सुमारे २,३५० सीसी. हेच इंजिन जीपमध्ये उतरलं. पुढे बोअर साडेतीन इंचांचा झाला, स्ट्रोक तेवढाच राहिला. साडेतीन इंची बोअरचं क्षेत्रफळ गुणिले चार इंच गुणिले चार सिलिंडर, हिशेब करून पाहा, २,५२३ सीसी येतात. महिंद्राच्या 'डीआय' गाड्यांच्या आरसी बुकात दिसणारा हाच तो आकडा. वाडीपासून हाकेच्या अंतरावर हिंगणा एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे. त्यामुळे आमच्याकडे ट्रॅक्टरचा मिस्त्री आणि जीपचा मिस्त्री बहुधा एकच.

ऐंशीच्या दशकात एमएम ५४० आली आणि तिच्या पोटात फ्रेंच पाहुणा होता, प्यूजोचं एक्सडीपी ४.९०. क्षमता २,११२ सीसी, ताकद ६२. माझ्या मते या सगळ्या गोतावळ्यातलं सर्वांत सभ्य इंजिन हेच. त्यात डिझेल आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात पेटतं आणि मग पिस्टनवर येतं, म्हणून आवाज मऊ. पण डिसेंबरात नागपूरची थंडी पडली की सकाळी चावी फिरवून हीटर तापेपर्यंत थांबावं लागे. डीआयमध्ये डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर उडतं. खडखडाट मोठा, पण खालच्या आरपीएमला ओढ चांगली आणि एव्हरेजही जास्त. बाराजणांची सोय असलेल्या गाडीत वीसजण कोंबून कोंढाळीकडे धावणाऱ्या काळी-पिवळीवाल्याला मऊ आवाजाशी काय देणंघेणं?

दोन्ही घराण्यांची इंजिनं एकाच गॅरेजात आल्यानं मिस्त्रींकडे पान्यांचे दोन डबे होते. विलीज आणि ट्रॅक्टरच्या जुन्या इंजिनांसाठी इंची, प्यूजोसाठी एमएमचे. पोरानं डबे एकत्र केले की शिव्या ठरलेल्या. अर्ध्या इंचाचा पाना १३ एमएमच्या बोल्टाला बसत नाही आणि १३ चा पाना अर्ध्या इंचावर घसरून बोल्टाचे कोपरे खातो.

आमच्याकडचा खरा मसल मात्र जोंगा. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत निस्सानच्या परवान्यावर बनलेली लष्करी गाडी, ३,९५६ सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ११० हॉर्सपॉवर. जबलपूर नागपूरच्या उत्तरेला, वाडीला लागून अंबाझरीची आयुध निर्माणी आणि वायुसेनानगर, त्यामुळे ती पाहून आमची मान वळायची. लष्करानं मोडीत काढल्यावर हौशी लोकांनी लिलावात घेतल्या. सहा महिन्यांत पेट्रोलनं घाम फोडला की पुढचा प्रश्न असायचा, डिझेल बसेल का?

बसतं. पण कायदा आडवा येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाजोगते बदल करू देत नाही, आणि आरसीवर नोंद नसलेलं इंजिन विम्याच्या वेळी गळ्याशी येतं. माझ्या सीजेचं तेच झालं. विकणाऱ्यानं 'ओरिजिनल' म्हणून गळ्यात मारली. बॉनेटखाली डिझेल, पुस्तकात पेट्रोल. मिस्त्री पहिल्याच दिवशी बॉनेट उघडा म्हणत होते, ते मी ऐकलं नव्हतं.

२०१० च्या थारमध्ये एकाच नावाखाली दोन इंजिनांची जुनी गंमत पुन्हा दिसली. डीआय घेतली तर २,५२३ सीसी आणि ६३ हॉर्सपॉवर, सीआरडीई घेतली तर २,४९८ सीसी आणि १०५. सीसी जवळपास तेवढेच, गाड्या मात्र दोन. २ ऑक्टोबर २०२० ला आलेल्या नव्या थारची एएक्स आणि एलएक्स ही नावं टचस्क्रीन आणि अलॉय व्हीलची होती. इंजिनं तेव्हा दोन्हीकडे तीच होती, पेट्रोल १५० चं आणि डिझेल १३० चं. ते डिझेल २,१८४ सीसीचं, म्हणजे हरिकेनपेक्षा १५ सीसीनं लहानच.

२०१८ मध्ये महिंद्रानं मिशिगनमध्ये 'रॉक्सर' जोडायला घेतली. रस्त्यावर चालवायची परवानगी नसलेली, रानात फिरवायची जीप. जीपचे तेव्हाचे मालक तिच्या चेहऱ्यावरून भांडले, आणि २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं त्यांचं म्हणणं मान्य केलं. महिंद्राला नाक-डोळे बदलावे लागले. त्या भांडणात इंजिनाचा विषय नव्हता. ते होतं २,५२३ सीसीचं डिझेल.

मी मोबाइलवर मिस्त्रींना फोटो दाखवला. चष्मा कपाळावरून खाली ओढून ते बराच वेळ बघत राहिले.

"हे तं आपलंच हाय."

"हो. आता अमेरिकेत."

"तिकडं कोणता पाना चालते?" त्यांनी विचारलं. "इंची, का एमएमचा?"