प्रकल्प-व्यवस्थापनाची परीक्षा : पूर्वतयारी आणि पूर्वग्रह



ज्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान अर्पण केले आहे, ते आमचे गणिताचे सर उत्तर बरोबर आले तरी समाधान मानीत नसत. "रीत कुठे आहे?" असे ते विचारीत. चाळिशीनंतर एका परीक्षेस बसलो तेव्हा या प्रश्नाचा खरा अर्थ मला उमगला. आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी बडोद्याच्या परिसरातील कारखान्यांत आणि बांधकामांवर जबाबदारीची कामे करीत आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या मनात ही परीक्षा असेल, म्हणून आज तिच्याविषयी बोलतो.

अमेरिकेत 1969 साली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली. तिने 1984 पासून 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल', म्हणजेच पीएमपी, ही परीक्षा घेण्यास आरंभ केला. चार वर्षांची पदवी असणाऱ्यास प्रकल्पाचे नेतृत्व केल्याचा 36 महिन्यांचा अनुभव आणि या विषयाचे 35 तासांचे शिक्षण दाखवावे लागते. 2021 साली लागू झालेल्या आराखड्यात 180 प्रश्नांसाठी 230 मिनिटे होती, म्हणजे एका प्रश्नास जेमतेम सव्वा मिनिट. आराखडा वेळोवेळी बदलतो, यास्तव अर्जापूर्वी संस्थेची चालू पुस्तिका अवश्य पाहावी.

पहिल्या प्रयत्नात मी अनुत्तीर्ण झालो. वाचन कमी पडले नव्हते, सूत्रे मुखोद्गत होती. घात केला तो वीस वर्षांच्या अनुभवाने. प्रश्नांचा एक नमुना पाहा. ग्राहकाचा अधिकारी कामाच्या जागी येतो आणि तोंडी सांगतो, "एवढी एक जादा भिंत घालून द्या." प्रकल्प-प्रमुखाने प्रथम काय करावे? लगेच भिंत घालावी, साफ नकार द्यावा, वरिष्ठांस कळवावे, की त्या भिंतीमुळे मुदत, खर्च व गुणवत्ता यांवर होणारा परिणाम तपासून मागणी बदलाच्या ठरलेल्या पद्धतीने पुढे न्यावी? मी आयुष्यभर भिंती घालून दिल्या होत्या, तेच उत्तर दिले. परीक्षेस शेवटचे उत्तर अपेक्षित होते. प्रश्नातील 'प्रथम' हा शब्द मी वाचला होता, पण त्याचे वजन ओळखले नव्हते. आपल्याकडे काय चालते हे तेथे कोणी विचारीत नाही. काय करणे योग्य, आणि कोणत्या क्रमाने, हे विचारले जाते.

गणिताच्या भागातही पाठांतरापेक्षा आकलन उपयोगी पडते. 1957 च्या सुमारास ड्युपाँ या रसायन-कंपनीत कारखान्यांच्या कामांचे वेळापत्रक बसविण्यासाठी 'क्रिटिकल पाथ' ही पद्धत विकसित झाली. तिचे मर्म शाळेच्या स्नेहसंमेलनावरूनही कळेल. नाटकाची निवड 3 दिवस, नंतर तालमी 20 दिवस. दुसरीकडे मंडपाची परवानगी 7 दिवस आणि उभारणी 4 दिवस. दोन्ही पुरी झाल्यावर रंगीत तालीम 1 दिवस. नाटकाची वाट 24 दिवसांची, मंडपाची 12 दिवसांची. मंडपास 12 दिवसांची सवड आहे. तालमीस एका दिवसाचीही नाही. आपण मात्र बहुधा मंडपवाल्यामागे धावतो, कारण न उभारलेला मंडप डोळ्यांना दिसतो.

दुसरी कल्पना अर्जित मूल्याची. समजा, आजपर्यंत 10 लाखांचे काम व्हावयाचे होते. प्रत्यक्षात 8 लाखांचे झाले आणि खर्च 9 लाख झाला. हिशेबनीस म्हणेल, एक लाख वाचले. वस्तुतः 8 लाखांच्या कामास 9 लाख पडले आणि काम 2 लाखांनी मागे आहे. आठास नवाने भागले की खर्चाचा निर्देशांक सुमारे 0.89 येतो, आठास दहाने भागले की वेळापत्रकाचा 0.8. दोन्ही एकाहून कमी, म्हणजे प्रकल्प महागही पडतो आहे आणि रेंगाळतोही आहे. हा अर्थ ज्यास कळला, त्यास सूत्र घोकावे लागत नाही.

दुसऱ्या खेपेस मी तयारीची रीत बदलली. नवी पुस्तके घेतली नाहीत. दर रविवारी घड्याळ लावून सराव-प्रश्न सोडवू लागलो, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एका वहीत तीन गोष्टी लिहू लागलो: मी काय निवडले, का निवडले, आणि योग्य उत्तर योग्य का. महिनाभराने ती वही चाळली तेव्हा ध्यानात आले की चुका पुष्कळ असल्या तरी त्यांची मुळे दोनच होती. विचारपूस करण्याआधी कृती करण्याची घाई, आणि सहकाऱ्यांशी बोलण्याऐवजी वरिष्ठांकडे धाव. हे माझे अज्ञान नव्हते, स्वभाव होता. परीक्षा उत्तीर्ण झालो. तथापि अधिक मोलाचे हे की, पुढे कामावरही भिंत घालण्यापूर्वी कागद मागू लागलो.

प्रमाणपत्रामुळे कोणी उत्तम व्यवस्थापक होतोच असे नाही, आणि दर तीन वर्षांनी त्याचे नूतनीकरणही करावे लागते. परंतु अनुभवी माणसास आपली रीत तपासून पाहण्याची संधी एरवी फारशी लाभत नाही. ज्यांना या परीक्षेस बसावयाचे आहे, त्यांनी प्रथम एक कोरी वही घ्यावी. सर असते तर त्यांनी वहीच मागितली असती.