लष्करात उर्दू शिकताना

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर ज्याने एखादी तरी संध्याकाळ घालविली असेल, त्याला तेथील इमारतींची सरमिसळ आठवत असेल. मध्यभागी जिवाजीराव महाराजांचा पुतळा, समोर टपाल कचेरीचे उंच खांब, टाऊन हॉल, बँकेची इमारत, २०१० सालच्या आगीत होरपळलेले व्हिक्टोरिया मार्केट आणि एका अंगाला गोरखी. एका इमारतीचे वळण दुसरीस नाही. विलायती कमानीशेजारी राजपुती छत्री आणि तिच्या पलीकडे मोगली जाळी. तरीही सारे एकाच घरातल्या माणसांसारखे शेजारी शेजारी उभे आहे. ह्या बाड्याच्या मागच्या एका गल्लीत आमच्या आजोबांचा वाडा होता. १९७६ साली मी तेथे राहावयास गेले, तेव्हा मला धड मराठीही येत नव्हते.

ह्यात अतिशयोक्ती नाही. वडील रेल्वेत होते. खरगपूर, आसनसोल, बिलासपूर अशा रेल्वेच्या वसाहतींतून माझे बालपण गेले. शाळा इंग्रजी, मैत्रिणी अँग्लो-इंडियन आणि बंगाली. आईवडील आपसांत मराठी बोलत आणि आम्ही भावंडे इंग्रजीत उत्तरे देत असू. त्या काळी अशा मुलांचे कौतुक होई आणि आईलाही ते आवडे. कॉलेजसाठी मला लष्करात आजीकडे पाठविले, तेव्हा मी तिच्याशी जे बोलत असे त्याला ती 'रेलगाडीची भाषा' म्हणे. अर्धे वाक्य एका रुळावर, अर्धे दुसऱ्यावर!

आजी १९०० सालची. आजोबा दरबारच्या नोकरीत होते, ते १९६१ साली गेले. त्यांच्या मागे माजघरातील फडताळात खारव्याचे एक बासन राहिले होते. त्यात काही कागद मोडीचे होते आणि काही उर्दूचे. आजोबांच्या तरुणपणी कचेरीत उर्दू जाणणाऱ्याला मान असे, आणि ते स्वतःच्या टिपणांसाठीही तीच लिपी वापरीत. घरात ती कोणासच वाचता येत नव्हती. वडिलांच्या पिढीने हिंदी आणि इंग्रजी धरली, आमच्या पिढीने इंग्रजीच. काकांची ठाम समजूत होती की, त्या बासनात वाड्याच्या मालकीचा दरबारी कागद आहे. भाऊबंदकीतला एक वाद तेव्हा डोके वर काढीत होता आणि काकांना तो कागद हवा होता. आजीला काय हवे होते ते तिने बोलून दाखविले नाही. दर दसऱ्याला ती बासन उन्हात ठेवी, कागद उलगडून पाही आणि पुन्हा बांधी. पंधरा वर्षे हेच चालले होते. नवऱ्याचे अक्षर तिला ओळखता येई, वाचता येत नसे.

ते पाहून एक दिवस मी म्हणाले, ''आजी, मी शिकते.''

''अगोदर मराठी शीक,'' ती म्हणाली. पण दुसऱ्याच दिवशी तिने गोरखीमागे राहणाऱ्या, आजोबांच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांकडे निरोप धाडला. त्यांना सारे मास्टरसाहेब म्हणत. त्यांनी फी घेतली नाही. दर रविवारी आजीच्या हातच्या चकल्या मात्र त्यांच्याकडे पोचत.

पहिला महिना अक्षरांत गेला. अलिफ सरळ उभा, बे आडवी नावेसारखी आणि खाली एक नुक्ता. एवढ्यापर्यंत ठीक होते. पण पुढे कळले की, तेच अक्षर शब्दाच्या आरंभी एक रूप घेते, मध्ये दुसरे आणि शेवटी तिसरे. बे, पे, ते ही अक्षरे शब्दात मिसळली की त्यांचा केवळ एक दात उरतो आणि ओळख पटते ती वरच्या-खालच्या टिंबांवरून. घाईने लिहिणाऱ्याने टिंब इकडचे तिकडे दिले की संपलेच! शिवाय ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत. कागदावर असतात खे, रे, चे, वाचावयाचे 'खर्च'. ज्याला तो शब्द आधीच ठाऊक आहे तोच तो वाचू शकतो. मला शब्दच ठाऊक नव्हते. इंग्रजी शाळेतली सारी हुशारी तेथे लुळी पडली.

मग एक गंमत झाली. मी रात्री ओसरीवर बसून अक्षरे लावीत असे आणि आजी शेजारी वाती वळीत असे. मी पुटपुटले, ''ते, काफ, रे, अलिफ, रे... टकरार? तिकरार?'' आजी वर न पाहता म्हणाली, ''तक्रार असेल.'' मग 'म-ह-स-व-ल' आले. ''महसूल.'' मग 'न-ज-र'. ''अगं, नजर!'' जिला एक अक्षर येत नव्हते ती शब्द सांगत होती आणि जिला अक्षरे येत होती तिच्यापाशी शब्द नव्हते. त्या दिवसापासून आमचा अभ्यास जोडीने होऊ लागला. खरे सांगावयाचे तर मी मराठी शिकले ती ह्या ओसरीवर, उर्दूच्या निमित्ताने.

मास्टरसाहेबांना हे सांगितले तेव्हा ते हसले. उर्दूत 'ज' ह्या एका उच्चारासाठी चार अक्षरे आहेत आणि शिकणाऱ्यांना ती रडवितात. त्यांनी मला चार मराठी शब्द दिले: जमीन, जिम्मा, जामीन आणि जुलूम. पहिल्यात झे, दुसऱ्यात झाल, तिसऱ्यात झुआद, चौथ्यात झोए. मराठीने चारही शब्द घेतले आणि चौघांना एकाच 'ज'च्या दारातून आत सोडले! ते चार शब्द मी आजही विसरलेले नाही.

काही शब्द मात्र घरात आल्यावर स्वभाव बदलून बसले आहेत. मी एकदा मास्टरसाहेबांना मोठ्या ऐटीत म्हणाले की, मी प्रयत्नांची शिकस्त करीन. त्यांना वाटले, पोरगी हार मानते आहे. कारण उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव, मोडणे. आपला राजीनामा म्हणजे नोकरी सोडण्याचा कागद. त्यांचा राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांच्या संमतीची तडजोड. आपण खुलासा करतो तो स्पष्टीकरणासाठी. त्यांचा खुलासा म्हणजे सारांश. ही यादी करण्यात मी एक संपूर्ण वही भरली.

वाचकांपैकी जे कोणी फडणीस, चिटणीस, पोतनीस, कारखानीस असतील त्यांनी आपल्या आडनावाचे शेवटचे 'नीस' जरा न्याहाळून पाहावे. ते फारसी 'नवीस' होय, म्हणजे लिहिणारा. पारसनीस म्हणजे तर थेट फारसी लिहिणारा. लष्करात चिटणिसांच्या नावाची गोठ आहे. तिच्या पत्त्यातच फारसी बसलेली आहे. शिवछत्रपतींनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश करवून घेतला, यावरूनच त्या शब्दांचा संचार केवढा होता ते कळते. पुढे शिंद्यांची स्वारी उत्तरेत आली, १७८४ साली महादजींना दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुतलकचे पद मिळाले, आणि हा कारभार फारसीवाचून चालणारा नव्हता. 'आलिजाह बहादूर' हा शिंद्यांचा किताबही त्याच भाषेतला. गोरखीत देवघर आहे आणि महादजींनी गुरुस्थानी मानलेल्या बीडच्या मन्सूरशहांचे स्थानही आहे. आमच्या आजीने दोन्हीकडे सारख्याच भक्तीने फुले वाहिली.

मास्टरसाहेबांची एक गोष्ट मला फार आवडे. ते म्हणत, 'उर्दू' हा मूळचा तुर्की शब्द, त्याचा अर्थ फौजेची छावणी. आणि १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून हे गाव वसले, म्हणून याचे नाव लष्कर. म्हणजे गावाचे नाव आणि भाषेचे नाव, दोहोंचा अर्थ एकच! ''बेटी, आप लश्कर में रहकर उर्दू से कहाँ भागेंगी?''

त्यांना ग्वाल्हेरच्या उर्दूचा मोठा अभिमान होता. उत्तरेतील आरंभीच्या उर्दू कवींपैकी शाह मुबारक आबरू हे ग्वाल्हेरचे. मुज़्तर खैराबादी १९२७ साली येथेच निवर्तले. त्यांचे पुत्र जाँनिसार अख्तर येथल्या व्हिक्टोरिया कॉलेजात उर्दू शिकवीत आणि फाळणीच्या दंग्यांच्या वेळी ग्वाल्हेर सोडून भोपाळला गेले. निदा फाजलींचे आईवडील पाकिस्तानात गेले आणि मुलगा मागे राहिला. त्याचे बालपण आणि शिक्षण ह्याच गावातले. मास्टरसाहेब ही नावे घेत आणि मग थोडा वेळ गप्प बसत. त्यांच्या वर्गातली बाके १९४७ नंतर कशी रिकामी होत गेली, हे त्यांनी मला एकदाच सांगितले. नंतर मीही विचारले नाही.

आपल्या मराठी माणसांचेही ह्यात थोडेथोडके देणे नाही. बडोद्यास जन्मलेल्या माधव जूलियनांनी फारसी-मराठी कोश रचला तो १९२५ सालचा. श्रीपाद जोशींचा उर्दू-मराठी शब्दकोश माझ्या टेबलावर आजही आहे. आणि गाण्याबद्दल बोलावयाचे तर, निसार हुसेन खाँसाहेब शंकर पंडितांच्या घरी राहिले, त्यांनी पंडितांना विद्या दिली, आणि आमच्या लष्करातले मराठी गवई तराण्यातल्या फारसी ओळी पिढ्यान्‌पिढ्या घोळवीत आले. लिपी न येताही भाषा गळ्यात राहू शकते, कागदावर मात्र ती मुकी होते. आज माझी भाची बंगळूरला बसून दूरध्वनीच्या पडद्यावर उर्दू अक्षरे गिरविते. तिला शिकविणारा कोठे असतो हे तिलाही माहीत नाही. पण तिचा नुक्ता माझ्याहून नेमका पडतो.

असो. बासनाकडे वळते.

छापील उर्दू वाचावयास मला आठ महिने लागले. हाती लिहिलेली शिकस्ता लिपी हा निराळाच प्रांत. शिकस्ता म्हणजे मोडलेली, आणि आपली मोडी हे नावही 'मोडणे' यावरून आले असे सांगतात. घाईत लिहिणारे कारकून सगळीकडे सारखेच! दीड वर्षाने मास्टरसाहेब म्हणाले की, आता एक कागद आणा. काकांनी बासनातला सर्वांत जपून ठेवलेला कागद काढून दिला. तो रेशमी चिंधीत वेगळा गुंडाळलेला होता, म्हणजे तोच मालकीचा असणार.

मास्टरसाहेबांनी एकदा नजर टाकली आणि तो माझ्याकडे परत केला. ''ये आप ही पढ़िए।'' तीन दिवस त्यांनी माझ्याकडून एकेक अक्षर उतरवून घेतले. अडले तेथे सांगितले, पण वाक्य माझ्या तोंडूनच वदविले. माथ्यावर लिहिले होते 'हुवश्शाफी', बरा करणारा तोच. खाली गुल-ए-बनफ्शा, उन्नाब पाच दाणे, सपिस्तान नऊ दाणे, मुलेठी. एका कोपऱ्यात १९१८. तो हकिमाचा नुस्खा होता, खोकला आणि तापावरचा.

घरी येऊन मी तो ओसरीवर वाचला. काका ''बस्स, एवढेच?'' म्हणून उठून गेले. आजीच्या हातातली वात तशीच राहिली होती.

''थोरलीचा,'' ती म्हणाली.

माझ्या वडिलांच्या वर एक मुलगी होती, हे मला त्या दिवशी कळले. दोन वर्षांची. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत आजोबा हा कागद घेऊन सराफ्यापासून दौलतगंजापर्यंत फिरले होते. बाकीचे सारे मिळाले, उन्नाब कोठेच मिळाला नाही. साथीत दुकाने रिकामी झाली होती. हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितले. मग विचारले, ''किती दाणे म्हणालीस?''

''पाच.''

''मला वाटे, पुष्कळ लागत असतील.'' तिने कागद हाती घेतला, जुन्याच घडीवर पुन्हा घडी घातली आणि रेशमी चिंधीत बांधून मांडीवर ठेवला. बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. बाड्यावरून टांग्यांचा आवाज येत होता.

मग तिने बासन माझ्याकडे सरकविले. ''आता दुसरा काढ.''

दुसरा कागद आजोबांच्या हातचा होता, घरखर्चाचा. किराणा, धोबी, मुलाच्या शाळेची फी. शेवटच्या ओळीत दूधवाल्याची बाकी पावणेतीन रुपये.

''दिली होती ती,'' आजी म्हणाली. ''पुढे वाच.''