डबा अर्धा परत येतो तेव्हा...

मैत्रिणींनो, पिंपरी-चिंचवड काय नि चाकण काय, इथल्या घरांचं घड्याळ कारखान्याच्या पाळीवर चालतं. पहाटे डबा भरायचा आणि पाळी सुटली की तो घासायला घ्यायचा. भाजी संपलेली, पोळ्या मात्र तशाच, असं आठवडाभर झालं तर ते आधी तुमच्याच लक्षात येतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "अगं, पित्त झालंय. घास जरा अडकतो." मग आपण पोळी वरणात कुस्करून देतो, पित्ताची गोळी देतो, आणि बघता बघता दोन महिने निघून जातात.

तेवढं मात्र करू नका!

आपली अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर लांब आणि चांगली ताणणारी असते. त्यामुळे आत कॅन्सरची गाठ वाढू लागली तरी बरेच दिवस काही जाणवत नाही. आधी कोरडी भाकरी अडकते, मग मऊ भात आणि शेवटी पाणीसुद्धा. घास अडकायला लागला म्हणजे दिवस दवडायचे नाहीत, ते यासाठी. दर वेळी कॅन्सरच असतो असं नाही. पण ते तपासल्यावरच कळणार ना?

ही तपासणी दुर्बिणीची, म्हणजे एंडोस्कोपीची. सहा-आठ तास उपाशी राहायचं. घशात बधिर करणारा फवारा मारतात आणि कॅमेरा असलेली लवचिक नळी तोंडातून आत सोडतात. बहुधा दहा-पंधरा मिनिटांत काम आटोपतं.

गंमत अशी, की अगदी सुरुवातीचा कॅन्सर साध्या उजेडात नजरेतून निसटू शकतो. म्हणून डॉक्टर कधी कधी आत लुगोल नावाचं आयोडीनचं पातळ औषध फवारतात. निरोगी अस्तरात ग्लायकोजन असतं, ते आयोडीनने तपकिरी होतं. बिघडलेली जागा फिकटच राहते. तेलाचा डाग पडलेल्या कापडावर रंग धरत नाही ना, अगदी तसं! यानं छातीत थोडं जळजळतं. थायरॉइडचा त्रास किंवा आयोडीनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. दुसऱ्या प्रकारच्या दुर्बिणीत बटण दाबलं की फक्त निळा आणि हिरवा प्रकाश पडतो. त्यात बारीक रक्तवाहिन्या उठून दिसतात आणि संशयाची जागा तपकिरी ठिपक्यासारखी ओळखू येते. मग तिथला कणभर तुकडा काढून तपासतात.

दुखणं अस्तरापुरतंच असेल तर पुष्कळदा ते दुर्बिणीतूनच काढता येतं, छाती उघडावी लागत नाही. लवकर जाण्याचा फायदा तो हाच.

सगळ्यांनीच उठून ही तपासणी करावी असं नाही. पण घास अडकतोय, वजन उतरतंय किंवा वर्षानुवर्षं छातीत जळजळतंय, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "दुर्बीण करायची का?" तंबाखू, विडी-सिगारेट, दारू यांची सवय असेल तर तीही लपवू नका. पिंपरीत महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, पुण्यात ससून आहे; तिथे केसपेपर काढून चौकशी करा. जमलं तर सुट्टीच्या दिवसाची वाट पाहू नका.

आणि हो, चहा कपात ओतल्यावर चार-पाच मिनिटं थांबून प्या. ६५ अंशांहून गरम पेयांनी अन्ननलिकेचा कॅन्सर होण्याचा संभव आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१६ साली सांगितलं आहे.

शेवटी एक विचारू? तुमच्या स्वतःच्या ताटात काय उरतं, ते कोण बघतं? सकाळी मिश्री लावता, घास अडकला तर पाणी पिऊन ढकलता, आणि घरात बोलत नाही. त्यांचा डबा बघता ना? तसंच आजपासून आपलं ताटही बघा.